आधी अभ्यास, मग निर्णय : जंगलपट्ट्यातील माध्यमशिक्षणाविषयी

प्रस्तावना

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली. ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहाबाहेर रात्री एक माणूस बसलेला आहे, अंधारातून वाघ येतो, त्याच्यावर झडप घालतो आणि त्याला ओढून नेतो. चित्र सीसीटीव्हीचे वाटावे असे, त्यावर तारीख आणि वेळही टाकलेली. वनखात्याने खुलासा केला, की अशी घटना घडलेलीच नाही. ही चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली आहे. त्याच सुमारास पेंचच्या जंगलालगत एक माणूस वाघाला दारू पाजतो आहे, अशीही एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. तीही बनावटच निघाली.

अशा वेळी शहरातला माणूस हसून म्हणतो, 'लोक काहीही खरे मानतात.' ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड भागात राहणाऱ्याला असे हसता येत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. त्याआधी 'सीटी-१' नावाने ओळखल्या गेलेल्या वाघाने वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागांत मिळून १३ माणसे मारली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात त्याला पकडण्यात आले. जिथे वाघ खरोखर दारापर्यंत येतो, तिथे वाघाची खोटी चित्रफीत खरी वाटणे हा भोळेपणा म्हणता येत नाही. ज्याने ती बनवली त्याने आपल्या अनुभवाचाच वापर करून आपल्याला फसवले.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतले शिक्षक, ग्रामसभांचे सदस्य, आशाताई आणि महिला बचत गट यांच्यासाठी असलेल्या या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. खोट्या माहितीची किंमत सगळीकडे सारखी नसते. नागपूरच्या एखाद्या सोसायटीत वाघाची खोटी चित्रफीत ही चहाच्या वेळेची करमणूक ठरेल. मोहफुले वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बाईसाठी तिचे दोन परिणाम संभवतात. एक तर ती घाबरून हंगामाची मजुरी बुडवते. किंवा चार खोट्या बातम्या पाहिल्यावर पाचवी खरी सूचनाही खोटीच समजून रानात जाते. यातला दुसरा परिणाम अधिक घातक आहे. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ गावाजवळ वाघाची चाहूल लागताच इशारा देणारे कॅमेरे बसवले आहेत, आणि तेही कृत्रिम बुद्धिमत्तेवरच चालतात. म्हणजे एकच तंत्र खरा इशाराही देते आणि खोटा वाघही उभा करते. त्या इशाऱ्यावरचा विश्वास टिकवणे आणि त्या चित्रफितीवरचा विश्वास काढून घेणे, ही दोन्ही कामे माध्यमसाक्षरतेची आहेत. नुसते 'कशावरही विश्वास ठेवू नका' असे शिकवले तर अर्धेच काम होते, आणि तेही उलटे.

अफवेने माणसे मरतात हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार केले. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी फिरत आलेले होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. त्या वर्षी देशभर मुले पळवण्याच्या ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांतली सर्वांत गाजलेली चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात आणि शेवटी परत आणून देतात; मूल पळवणे किती सोपे आहे, हे दाखवणारा फलक ते धरतात. फिरवताना कोणी तरी हा शेवट कापून टाकला. बाकी एक दृश्यही बदलले नाही.

म्हणून वर्गात शिकवताना खोट्या मजकुराचे किमान तीन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला, खरे चित्र आणि खोटे ठिकाण : दुसऱ्या राज्यातला, दुसऱ्या वर्षीचा पूर 'आपल्या वैनगंगेचा' म्हणून येतो. दुसरा, खऱ्या चित्राची काटछाट : कराचीच्या चित्रफितीसारखी. तिसरा, संपूर्ण बनावट : ब्रह्मपुरीच्या वाघासारखी. बोटे सहा आहेत का, सावली बरोबर पडली आहे का, अशा खुणा शोधणे तिसऱ्या प्रकारात आजवर थोडेफार उपयोगी पडत आले. तंत्र सुधारते तशा त्या खुणा पुसट होत जातात, आणि पहिल्या दोन प्रकारांत तर त्या नसतातच. सगळ्या प्रकारांत टिकणारे प्रश्न साधे आहेत. हे मुळात कोणी टाकले? कुठले आहे, केव्हाचे आहे? याच्या आधी आणि नंतर काय होते? दुसरे कोणी, ज्याला ठाऊक असायला हवे असे कोणी, हेच सांगते आहे का? ब्रह्मपुरीच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका फोनवर मिळण्यासारखे होते. वाघाच्या हालचालींवर लक्ष ठेवणाऱ्या गावातल्या प्राथमिक कृती दलाच्या तरुणाला किंवा बीटच्या वनरक्षकाला विचारले असते तरी पुरे होते.

या सगळ्याचे खापर मोबाइलवर फोडून मोकळे होण्याचा मोह होतो. पण या दोन जिल्ह्यांना अफवेची ओळख टॉवर उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि ती तोंडी अफवा आजही थांबलेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून एका दलित वस्तीतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना जिवंत जाळण्यात आले. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. कायदा गुन्हा घडल्यावर पोलिसांना घेऊन येतो. त्याच्या आधीची पायरी कायद्याच्या हातात नसते : घरात कोणी आजारी पडते, कोणी तरी एक नाव घेते, दुसरा ते पुढे सांगतो, आणि चौथ्या तोंडी ते नाव 'सगळ्या गावाला ठाऊक' होते. 'तू स्वतः पाहिलेस का?' हा प्रश्न त्या साखळीत कोणीच विचारत नाही. व्हॉट्सअॅपवरच्या 'फॉरवर्डेड' संदेशाची चाल हीच आहे, फक्त वेग वेगळा. त्यामुळे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम आणि माध्यमशिक्षण यांच्या वेगवेगळ्या चुली मांडण्याचे कारण नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या ५१ क कलमातले मूलभूत कर्तव्य आहे. माध्यमसाक्षरता म्हणजे त्या कर्तव्याचा रोजचा सराव.

आता एक अवघड भाग. माध्यमसाक्षरता म्हणजे फक्त मोबाइलवरची खोटी बातमी ओळखणे, असा समज रूढ होतो आहे. तेवढ्यावर थांबलो तर छापील वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी आपोआप पवित्र ठरतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती करणारा, शब्दन् शब्द सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. 'पेड न्यूज' हा प्रकार त्यानंतर देशभर चर्चेला आला आणि प्रेस कौन्सिललाही त्यावर अहवाल तयार करावा लागला. बातमी आणि जाहिरात यांतली रेघ कुठे आहे, 'प्रायोजित' हा बारीक शब्द कोपऱ्यात का असतो, हे नववीच्या मुलाला कळायला हवे.

गडचिरोलीच्या मुलांच्या वाट्याला याहून वेगळा धडा येतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा वर्षानुवर्षे बाहेरच्या वाचकाला 'नक्षलग्रस्त' आणि 'मागास' या दोन विशेषणांनीच भेटत आला. चकमकीची बातमी, सूरजागडच्या लोहखनिजाची बातमी, रानटी हत्तींच्या कळपाची बातमी : प्रत्येकीत कोणाचे म्हणणे छापले आहे, हे मुलांनी मोजावे. पोलीस अधिकारी, कंपनीचा प्रवक्ता, पालकमंत्री, वनाधिकारी असे चौघे सापडतील. ज्या गावाजवळ ते घडले त्या गावातला माणूस सापडतो का? सापडला तर त्याला नाव आहे, की तो नुसता 'एक ग्रामस्थ' आहे? या प्रश्नामागे कोणाची बाजू घेण्याचा हेतू नाही. आपल्याबद्दल लिहिलेले वाचताना आपण त्यात कुठे आहोत हे पाहण्याची सवय लागावी, एवढाच आहे. ज्याला ही सवय लागली तो दुसऱ्याबद्दल लिहिलेलेही जपून वाचतो. राईनपाड्याला मारल्या गेलेल्या भटक्यांबद्दल लोकांच्या मनात आधीच काय भरलेले होते, याचाही विचार मग त्याला करावा लागतो.

शाळेत हे कुठे बसवायचे? नवा विषय म्हटला की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी येते, आणि ती रास्त आहे. रिक्त पदे आणि दोन-दोन वर्ग सांभाळणारा एक गुरुजी ही परिस्थिती जंगलपट्ट्यात नवी नाही. पण माध्यमशिक्षणाची जागा आपल्या पाठ्यपुस्तकात आधीच आहे. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनात 'जाहिरात तयार करा', 'बातमी तयार करा' असे प्रश्न येतात. बारावीच्या युवकभारतीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख आहेत. मुलाला आकर्षक जाहिरात लिहिण्याचे गुण मिळतात. समोर आलेली जाहिरात उलगडून दाखवण्याचे मिळत नाहीत. मथळा, ठिकाण आणि तारीख घालून बातमी सजवायला तो शिकतो. त्या तारखेची आणि ठिकाणाची खातरजमा करायला शिकत नाही. तोच धडा, तोच तास, फक्त प्रश्न फिरवायचा : ही जाहिरात काय सांगत नाही? या बातमीतले कोणते वाक्य माहिती आहे आणि कोणते मत? गणिताच्या तासाला टक्केवारीच्या दाव्याची उकल, भूगोलाच्या तासाला छायाचित्रातल्या झाडांवरून, पाट्यांवरून ठिकाण ओळखणे, विज्ञानाच्या तासाला 'या काढ्याने साखर बरी होते' या दाव्याची तपासणी. नवे पुस्तक लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा आत्मविश्वास.

हे शिकवून फरक पडतो का, याचे उत्तर आपल्याच देशात शोधले गेले आहे आणि ते उद्बोधक आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेने बिहारमध्ये १,२२४ लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर खोटी माहिती ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. एकूणात लोकांच्या ओळखण्याच्या क्षमतेत लक्षणीय वाढ दिसली नाही. त्यानंतर त्या आणि त्यांचे सहकारी पुन्हा बिहारमध्येच गेले. या वेळी ५८३ गावांतली सुमारे १३,५०० शाळकरी मुले, राज्य शासनाची ग्रंथालये आणि काही आठवड्यांत विभागलेले वर्ग. आता मुलांची पारख सुधारली, काही महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही ती टिकून होती, आणि मुलांनी शिकलेले थोडेफार पालकांपर्यंतही पोचले होते. त्याआधी २०१८ मध्ये केरळातील कण्णूरचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे १५० सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने असे वर्ग सुरू केले होते. गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल पसरलेल्या गैरसमजांचा अनुभव त्यामागे होता.

दोन्ही बिहारी प्रयोग शेजारी ठेवले की आपल्या अनेक उपक्रमांचे भवितव्य कळते. सायबर जागृती सप्ताहात पाहुणा येतो, तासभर बोलतो, फोटो निघतो, बातमी छापून येते. मुलांच्या हाती काही उरत नाही. पारख ही सवय आहे आणि सवय लागायला पुनरावृत्ती लागते. आठवड्याला एक तास मिळाला तर उत्तम. तो नाही मिळाला तर परिपाठाची दहा मिनिटे, पण वर्षभर.

शाळेबाहेरच्या गावाचे काय? इथे जंगलपट्ट्याने बाहेरून काही आणण्याची गरज नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीची गोष्ट कमी सांगितली जाते. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या काळात या गावात अभ्यासगट रुजला. ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे, विषय घ्यावा, कागद वाचावेत, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, उलटसुलट चर्चा करावी. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. माहिती तपासण्याची जागा आणि निर्णय घेण्याची जागा यांत असे अंतर ठेवले की घाईला वाव उरत नाही. वनकायदा, बांबूचा व्यवहार, शासकीय परिपत्रक असे किचकट विषय, शाळा फारशी न पाहिलेली माणसेही या रीतीने समजून घेऊ शकली. मोबाइलवर आलेला दावा हा त्याच अभ्यासगटाचा आणखी एक विषय होऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. म्हणजे चौघांतल्या एकाला वाचता येत नव्हते. चित्रफीत आणि आवाजी संदेश मात्र त्यालाही कळतात. त्याच्यासाठी एकत्र बसून ऐकणे आणि बोलणे हीच माध्यमसाक्षरतेची शाळा आहे.

सीमेपलीकडे छत्तीसगडात २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' सुरू केले. साध्या फोनवरून कोणीही गोंडीत किंवा हिंदीत आपली बातमी ध्वनिमुद्रित करावी, संपादकांनी ती तपासावी आणि मग ती फोनवरच इतरांना ऐकता यावी, अशी ती रचना. ज्याने स्वतः एकदा रेशन दुकानाची तक्रार नाव, गाव आणि तारखेसह सांगितली, आणि तपासणाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्याला दुसऱ्याच्या बातमीत काय गाळले आहे ते दिसू लागते. बातमी करून पाहणे हा बातमी वाचण्याचा सर्वांत चांगला पाठ आहे. शाळेचे भित्तिपत्रक हे काम बिनखर्चात करू शकते : गावातली एक गोष्ट, दोन माणसांना विचारून, कोणी काय सांगितले ते वेगवेगळे लिहून.

भाषेचा प्रश्न टाळून हे काम होणार नाही. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी आहे, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि वैनगंगेच्या काठाने झाडीबोली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत, तरीही ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. अफवेला भाषेची अडचण येत नाही, ती चित्रातून येते; खुलासा मात्र शासकीय मराठीतल्या प्रसिद्धिपत्रकातून येतो. भामरागडच्या पाड्यावर तो वाचणार कोण? म्हणून या पुस्तकातले पाठ शिक्षकाने जसेच्या तसे वाचून दाखवू नयेत. मुलांनी ते आपल्या घरच्या बोलीत सांगावेत, घरी जाऊन आजीला सांगावेत. वडशाच्या झाडीपट्टी रंगभूमीकडे तर तयार प्रेक्षक आहे. दिवाळीनंतर रात्र रात्र चालणाऱ्या या नाटकांनी दारू, हुंडा, सावकारी असे विषय रंगमंचावर आणले आहेत. बनावट लिंकने घर बुडवणारा खलनायक त्यांना उभा करता येणार नाही, असे नाही. 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी २०२५ मध्ये बनावट संकेतस्थळे निघालीच होती. खऱ्या सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याअखेरीस 'जीओव्ही डॉट इन' असते आणि पैसे गेले तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा, या दोन गोष्टी एका प्रवेशात सांगून होतील.

हे पुस्तक वापरणाऱ्यांना तीन विनंत्या. मुलाने चुकीचा संदेश पुढे पाठवला तर त्याला वर्गात उभे करू नका. लाजलेले मूल पुढच्या वेळी तपासत नाही, लपवते. घरातल्या मोठ्यांना 'तुम्ही चुकलात' असे मुलाच्या तोंडून वदवू नका. 'काका, हे तुम्हाला कुठून आले?' एवढे विचारायला शिकवा. आणि राजकीय उदाहरणे टाळू नका, पण एकाच पक्षाची घेऊ नका. आपल्या आवडत्या पक्षाचा खोटा दावा पकडणे ही या अभ्यासाची खरी परीक्षा आहे.

शेवटी, शिक्षणाच्या अंगावर जे ओझे टाकू नये ते नोंदवायला हवे. गाव कितीही सजग झाले तरी तपासून पाहायला खरी माहिती वेळेवर मिळावी लागते. वाघ दिसल्याची सूचना दोन दिवसांनी आली, लसीच्या शंकेला उत्तर द्यायला कोणी आलेच नाही, खाणीच्या जनसुनावणीचे कागद गावाला समजेल अशा भाषेत मिळाले नाहीत, तर मोकळी जागा अफवा भरून काढते, आणि तो दोष गावाचा नसतो. वनखाते, आरोग्य विभाग, जिल्हा प्रशासन आणि माध्यमे यांनी ठरावीक माणसामार्फत, ठरावीक वेळेत, गावच्या बोलीत उत्तर देण्याची जबाबदारी घ्यायला हवी. ग्रामसभेने ती ठराव करून मागावी : आमच्या गावाला खरे-खोटे विचारायचे असेल तर कोणत्या विभागात कोणाला फोन करायचा, आणि किती वेळात उत्तर मिळेल? या प्रश्नाचे लेखी उत्तर पंचायतीच्या फलकावर लागेपर्यंत ठराव पुन्हा पुन्हा मांडावा.